विकलेला गेम परत नेता येतो का?

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम १९८९ साली निघाला आणि तो आजही खेळता येतो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांच्या संगणकवर्गांत आणि गल्लीबोळांतल्या क्लासांत तो नुसता 'प्रिन्स' म्हणून ओळखला जायचा आणि फ्लॉपीवरून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचा. तो रचणाऱ्या जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना २०१२ मध्ये घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांच्या मदतीने त्यांच्यावरचा मूळ सोर्स कोड वाचून काढला गेला आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. 'द क्रू' या गेमची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. मोटारशर्यतींचा हा गेम २ डिसेंबर २०१४ रोजी बाजारात आला. ज्यांनी तो पूर्ण किंमत मोजून घेतला, त्यांच्या घरात डिस्क आहे, तिच्यावर ओरखडाही नाही, पण ती मशीनमध्ये घातली तर गेम सुरू होत नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि त्या दिवशी विकलेली प्रत्येक प्रत एकदम निकामी झाली. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वीचा गेम चालतो आणि दुसरा दहा वर्षंही पुरी न करता बंद पडला. 'प्रिन्स' मालिकेचे नवे गेमही आज हीच कंपनी काढते. तिचा एक स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आणि दुसरा २०१८ पासून मुंबईत आहे. त्यामुळे हे प्रकरण आपल्यापासून वाटतं तितकं दूर नाही.

'द क्रू' मध्ये अमेरिकेचा आटोपशीर केलेला नकाशा होता आणि न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत सलग गाडी चालवत जाता यायचं. इतरांबरोबर शर्यत लावायची सोय होतीच, पण गेमची कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानेही पुरी करता यायची. तरीही इंटरनेटची जोडणी तुटली की एकट्याचा गेमही थांबायचा, कारण कंपनीने रचनाच तशी केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली आणि तीन-साडेतीन महिन्यांत सर्व्हर गेले. ज्यांनी अगदी अलीकडे खरेदी केली होती त्यांना परतावा मिळाला, बाकीच्यांना काही नाही. सर्व्हर कायमचे चालवणं शक्य नसतं आणि तशी मागणीही कोणी केली नव्हती. खेळणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की जाताना निदान एकट्याला खेळता येईल एवढी सोय करून जा. ती त्या वेळी झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन खेळाडूंनी दावा लावला, तेव्हा कंपनीचा बचाव असा होता की ग्राहकाने गेम घेतलाच नव्हता, त्याने फक्त वापराचा परवाना घेतला होता आणि तसं त्याला सांगितलंही होतं.

या बचावाशी माझा वाद आहे, आणि तो एका गेमपुरता नाही. जी गोष्ट एकरकमी किमतीला, मुदत न सांगता विकली जाते, ती विकणाऱ्याने आपल्या सोयीने नंतर निकामी करणं चूक आहे. सेवा संपवायचा हक्क कंपनीला जरूर असावा. पण विकलेली वस्तू सेवेशिवाय चालेल अशा अवस्थेत ग्राहकाच्या हाती देऊन मगच तिने निघून जावं, आणि ही जबाबदारी कायद्याने विक्रीच्या क्षणापासूनच तिच्यावर असावी. मागणी एवढीच आहे, आणि ती जाणूनबुजून लहान ठेवली आहे. सर्व्हर अनंतकाळ चालवा, नवे नकाशे द्या, तक्रारनिवारण चालू ठेवा असं यात काही नाही. एवढी लहान मागणीही का मान्य होत नाही, हे समजून घ्यायचं तर या विषयावर सर्वसाधारणपणे जी मतं ऐकू येतात, ती एकेक करून तपासावी लागतील.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं मत म्हणजे 'आय ॲग्री' वर बोट ठेवलं, आता तक्रार कसली. हे मत फक्त कंपन्यांचं नाही. खेळणाऱ्या पोरांचं आहे, त्यांच्या आईवडिलांचं आहे, आणि स्वतःला व्यवहारी समजणाऱ्या बऱ्याच जणांचंही आहे. त्यामागे एक रास्त तत्त्व आहे की करार पाळायचा असतो. पण करार म्हणजे दोन बाजूंनी समजून केलेला सौदा, आणि इथे सौद्याला जागाच नाही. पैसे आधी भरले जातात आणि अटी नंतर, पहिल्यांदा गेम उघडताना समोर येतात. त्या इंग्रजीत असतात, पन्नास-पन्नास पडदे खाली सरकवावे लागतात, एखादं कलम मान्य नसेल तर ते वगळता येत नाही, आणि अटी पुढे बदलायचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. ज्या एका गोष्टीवर खरेदीचा निर्णय फिरू शकला असता, म्हणजे हा गेम किती वर्षं चालेल, ती या पानांत कुठेच नसते. कंपनी कधीही बंद करू शकते एवढंच लिहिलेलं असतं. 'कधीही' ही मुदत नव्हे. दुकानात तीन महिन्यांचा रिचार्ज घेणाऱ्याला तीन महिने हा आकडा माहीत असतो, म्हणून तिथे फसवणूक होत नाही.

परवान्याच्या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक आहे कॉपीराइट, दुसरी आहे प्रत. कॉपीराइट म्हणजे त्या कृतीच्या आणखी प्रती काढायचा, विकायचा, तिच्यावरून दुसरं काही बनवायचा हक्क, आणि तो ग्राहकाने कधी मागितलेला नाही. ग्राहक प्रत विकत घेतो. कादंबरी विकत घेतली म्हणून ती छापायचा हक्क मिळत नाही, हे वाचकांना शतकभर ठाऊक आहे. पण ती कादंबरी घरी ठेवायचा हक्क मिळतो, आणि तो कोणी 'परवाना' म्हणून परत मागत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने युझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात ३ जुलै २०१२ रोजी नेमका हाच फरक धरला. एकरकमी मोबदला घेऊन बेमुदत वापराचा हक्क दिला, तर प्रत इंटरनेटवरून उतरवलेली असली तरी ती विक्रीच होते, असं न्यायालयाने ठरवलं. मग त्या कागदावर परवाना लिहिलेलं असलं तरी काही बिघडत नाही.

आपल्याकडची परिस्थिती याहून बोलकी आहे आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असा निर्णय दिला, म्हणून त्यावर विक्रीकर लागू झाला. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग ॲनालिसिस सेंटर या प्रकरणात त्याच न्यायालयापुढे प्रश्न आला की परदेशी कंपन्यांकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे ही कॉपीराइटच्या वापराची रॉयल्टी आहे काय. प्राप्तिकर खातं म्हणत होतं, हो, आणि म्हणून त्यावर कर कापला पाहिजे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या आणि विकत घेणाऱ्यांच्या बाजूने म्हणणं असं मांडलं गेलं की कॉपीराइटमधला कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही, गिऱ्हाइकाला फक्त कॉपीराइट असलेली वस्तू मिळते. न्यायालयाने ते मान्य केलं. करारावर 'लायसन्स' हा शब्द आहे की नाही यापेक्षा व्यवहाराचं खरं स्वरूप काय आहे ते पाहायचं, असं सांगून त्याने तो व्यवहार विक्रीचा ठरवला. म्हणजे कराचा प्रश्न आला तेव्हा सॉफ्टवेअर उद्योगाच्याच बाजूने प्रत विकली असं सांगितलं गेलं. हे दोन्ही करविषयक निर्णय आहेत आणि ग्राहक आयोगाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, ही मर्यादा मी मान्य करतो. पण वस्तूचं स्वरूप कर घेताना एक आणि ग्राहकाचा हक्क ठरवताना दुसरं असू शकत नाही. माल म्हणून विकलं असेल, तर मालाचे नियम लागू झाले पाहिजेत.

ते लागू करायला आपला कायदा अपुरा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ई-कॉमर्सची व्याख्या करताना डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली. रास्त कारण नसताना एका बाजूला एकतर्फी करार संपवता येईल अशी तरतूद असेल, तर तो करार अनुचित ठरू शकतो, आणि अशा अटी रद्दबातल ठरवायचा अधिकार राज्य आयोगाला व राष्ट्रीय आयोगाला आहे. अडचण अशी की जिल्हा आयोगाला तो नाही. दोन-तीन हजारांच्या गेमसाठी लातूरचा किंवा चंद्रपूरचा विद्यार्थी राज्य आयोगापर्यंत जाणार नाही, आणि वकिलाच्या फीचा विचार केला तर त्याने जाऊ नयेच. म्हणून वैयक्तिक तक्रारींवर हा प्रश्न सोडून चालणार नाही. २०२० पासून काम करणारं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण सगळ्या ग्राहकांच्या वतीने स्वतःहून पाऊल उचलू शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने 'डार्क पॅटर्न' म्हणजे पडद्यावरच्या फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नोंदवले. 'विकत घ्या' असं बटण दाबायला लावायचं आणि आत मुदत न सांगितलेला परवाना द्यायचा, हा प्रकार त्याच पंक्तीत बसतो.

आता खर्चाचा आक्षेप, जो खरोखर वजनदार आहे. सर्व्हर चालवायला वीज लागते, माणसं लागतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या कराव्या लागतात. खेळणारे शंभर उरले तरी खर्च बराचसा तेवढाच राहतो. युबिसॉफ्टचे प्रमुख इव्ह गिलमो यांनी २०२५ मध्ये भागधारकांपुढे हेच सांगितलं की कोणताही आधार कायमचा नसतो. मान्य आहे. पण आधार काढून घेणं आणि वस्तू मोडणं यांत फरक आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. बिल्डरने इमारतीची लिफ्ट आणि पंप आयुष्यभर चालवावेत अशी अपेक्षा फ्लॅटधारक करत नाही. पण १९६३ च्या मोफा कायद्यापासून बिल्डरवर बंधन आहे की जाताना जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची. बरेच बिल्डर ते टाळू लागले, तेव्हा २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद करावी लागली. त्यानंतर देखभालीचा खर्च सोसायटीचा. गेमच्या बाबतीतही एवढंच म्हणणं आहे की कंपनीने सर्व्हर बंद करावेत, पण बंद करण्यापूर्वी चावी द्यावी. ही चावी म्हणजे एकट्याला खेळता येईल असा शेवटचा अपडेट, किंवा खेळणाऱ्यांना स्वतःच्या मशीनवर चालवता येईल असं सर्व्हरचं सॉफ्टवेअर.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं सांगणाऱ्यांना उद्योगाचाच इतिहास उत्तर देतो. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने १९९३ च्या 'डूम' चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला केला, आणि तेव्हापासून तो गेम कोणाच्याही परवानगीशिवाय नव्या-नव्या यंत्रांवर चालतो आहे. दोन हजारच्या दशकात पुण्याच्या इंजिनीअरिंग होस्टेलांत 'काउंटर-स्ट्राइक' चा सर्व्हर पोरंच आपल्या मशीनवर लावायची, आणि रात्र-रात्र लॅनवर खेळ चालायचा. त्या वेळी गेम विकला जायचा तोच सर्व्हरसकट. 'माइनक्राफ्ट' च्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर आजही फुकट उतरवून घेता येतं. 'नॉकआउट सिटी' हा गेम जून २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा तो बनवणाऱ्या व्हेलन स्टुडिओजने खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट दिली. हा काही बलाढ्य स्टुडिओ नव्हे. २०१२ मध्ये बंद पडलेला 'सिटी ऑफ हीरोज' चाहत्यांनी पुन्हा उभा केला, आणि २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवानगी दिली. 'द क्रू' साठीही चाहत्यांनी पदरमोड करून पर्यायी सर्व्हर बनवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो सगळ्यांसाठी मोकळा केला. जे काम कंपनीने आतली सगळी कागदपत्रं हाताशी असताना केलं नाही, ते बाहेरच्यांनी काहीही हाताशी नसताना करून दाखवलं. इतकंच नाही, गदारोळ झाल्यावर कंपनीने 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. याचा अर्थ ते जमत होतं.

युरोपातल्या गेम उद्योगाच्या 'व्हिडिओ गेम्स युरोप' या संघटनेने जुलै २०२५ मध्ये जे आक्षेप मांडले, त्यांत दोन मुद्दे विचार करण्याजोगे आहेत. पहिला, खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा, बेकायदा मजकूर आणि शिवीगाळ यांवर कंपनीचं नियंत्रण राहणार नाही, तरी ठपका तिच्यावर येऊ शकेल. हे खरं आहे, पण त्यावर उपाय सरळ आहे. सर्व्हर जो चालवेल, जबाबदारी त्याची, असं कायद्यातच लिहायचं. दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. आजचा सर्व्हर एका कंपनीच्या कोडवर चालत नाही. त्यात तिसऱ्यांकडून भाड्याने घेतलेले भाग असतात, आणि ते ग्राहकांना वाटायचा हक्क गेम कंपनीकडे नसतो. आत्ता चालू असलेल्या गेमवर हे बंधन एकदम घातलं तर काहींना ते पाळता येणार नाही, हे मी मानतो. म्हणून नियम पुढच्या गेमना लागू करावा, पुरेशी मुदत देऊन. शेवट कसा करायचा हे पहिल्या दिवशी ठाऊक असेल, तर स्टुडिओ भाग निवडतानाच तसे करार करेल आणि पुरवठादारही तशा अटी देऊ लागतील. गाड्यांच्या कंपन्यांची बोधचिन्हं आणि गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात, हेही सांगितलं जातं. पण ती मुदत नवी विक्री थांबवायला कारण आहे, विकून झालेल्या प्रती मोडायला नाही. एखाद्या चित्रपटातल्या गाण्याचा करार संपला म्हणून लोकांच्या घरातल्या डीव्हीडी कोणी गोळा करत नाही.

आपल्याकडे बहुसंख्य लोक गेम विकत घेतच नाहीत, मोबाइलवर फुकट खेळतात, मग हा प्रश्न मूठभर शहरी हौशींचा नाही का, असंही विचारलं जातं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात 'पबजी मोबाइल' होता, आणि ३० ऑक्टोबरला भारतातली त्याची सेवा पूर्ण थांबली. तेव्हा गावोगावच्या पोरांना कळलं की फुकट गेममध्येही पैसे गुंतलेले असतात. यूसी हे गेममधलं चलन विकत घेऊन जमवलेले पोशाख, बंदुकांच्या स्किन, सगळं त्या आयडीबरोबर अडकलं. तो निर्णय सरकारचा होता, कंपनीच्या सोयीचा नव्हता, म्हणून मी त्याची गणना 'द क्रू' बरोबर करणार नाही. पुढे २०२१ मध्ये त्याच्या जागी 'बीजीएमआय' आला तेव्हा जुना आयडी हलवायची सोयही काही काळ दिली गेली. पण फुकट गेमबद्दल माझं मत वेगळं आणि सौम्य आहे. ज्याने काहीच दिलं नाही, त्याला गेम कायम मिळावा असा हक्क सांगता येणार नाही. मात्र ज्या गेममध्ये पैसे घेऊन वस्तू विकल्या जातात, तिथे त्या किमान किती काळ चालतील हे विकतानाच सांगितलं पाहिजे, आणि बंद करायचं ठरल्यावर विक्री त्याच क्षणी थांबली पाहिजे. महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या सेवांबद्दल तर काहीच म्हणणं नाही. तिथे मुदत उघड असते आणि महिना संपला की व्यवहारही संपतो.

गेमची बाजू सोडून घरातल्या इतर गोष्टींकडे पाहिलं तरी हेच दिसतं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच काढून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले गेले, कंपनीने माफी मागितली, पण असं करता येतं हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा वाचकांची पुस्तकंही गेली. किंमत परत मिळाली, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर मिळाले. पुस्तकावर पेन्सिलीने केलेल्या खुणांची भरपाई कशी होते, हे ज्यांनी अशी पुस्तकं सांभाळली आहेत त्यांनाच विचारावं. गूगलच्या समूहातल्या नेस्ट कंपनीने मे २०१६ मध्ये 'रिव्हॉल्व्ह' या घरगुती उपकरणाची सेवा थांबवली, तेव्हा ३०० डॉलरचं ते यंत्र निव्वळ डबा होऊन बसलं. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने जाहीर केलं की ग्राहकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून जातील. ओरड झाल्यावर करार वाढवून निदान तीस महिन्यांसाठी ते वाचवले गेले. टीव्ही, दिव्यांची बटणं, घराची कुलुपं, मोटारी अशा सगळ्याच वस्तू आता सर्व्हरला बांधल्या जात आहेत. गेममध्ये हा प्रश्न फक्त आधी आला.

पैसे परत केले की झालं, हे मत मला पटत नाही, तरी त्यातला न्याय नाकारता येत नाही. गूगलने 'स्टेडिया' ही गेम खेळायची सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद करताना गेमचे पैसे परत दिले. सोनीने 'कॉन्कॉर्ड' हा ४० डॉलरचा गेम २०२४ मध्ये दोन आठवड्यांत मागे घेतला आणि सगळ्यांना पूर्ण परतावा दिला. ग्राहकापुरता हिशेब तिथे मिटला. पण गेम ही केवळ वस्तू नसते, ती एक रचलेली कृती असते. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि इतर ठरावीक ग्रंथालयांत द्यावी लागते, म्हणून प्रकाशन संस्था बुडाली तरी पुस्तक बुडत नाही. पुण्यात बनलेला 'राजी' हा २०२० चा गेम भारतीय पुराणकथांवर आणि चित्रपरंपरेवर उभा आहे. तो एकट्याने खेळायचा असल्यामुळे टिकेल. पण पुण्यामुंबईचे स्टुडिओ आता सर्व्हरवर चालणारे गेमही बनवत आहेत. त्यांत इथल्या चित्रकारांचं, संगीतकारांचं, लेखकांचं काम आहे, आणि पुढच्या पिढीला ते पाहायलाही मिळणार नसेल तर ते नुकसान कोणत्याही परताव्याने भरून येत नाही.

या प्रश्नावर जगात हालचाल झाली ती ग्राहकांच्या रेट्यामुळे. रॉस स्कॉट या अमेरिकन व्हिडिओकाराने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांना सह्यांच्या बळावर कायद्याची मागणी करता येते. त्या मार्गाने जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला आणि मुदत संपेपर्यंत १४ लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं लिहिता येत नाही. कायमची उतरवून ऑफलाइन वापरता येणारी वस्तू याला अपवाद आहे. हा कायदा प्रामाणिक आहे, पण अपुरा. त्याने बटणाशेजारची सूचना बदलली, व्यवहार बदलला नाही. सगळ्याच दुकानांत एकसारखी सूचना लागली तर ग्राहकाला जायला दुसरं दुकान उरत नाही. 'गॉग' सारखं एखादं दुकान कुलूप नसलेली, जपून ठेवता येणारी प्रत देतं, पण ज्यांची सगळी मदार सर्व्हरवर आहे असे मोठे गेम तिथे येतच नाहीत.

भारताने काय करावं, हे सांगणं त्यामानाने सोपं आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा सगळा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. तो रोख योग्यच, कारण त्या व्यसनाने घरं बुडाली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या गेमना मान्यता दिली आहे आणि नियामक प्राधिकरणाची तरतूदही केली आहे. मान्यता दिली तर त्या गेमच्या ग्राहकांचे हक्कही लिहून ठेवले पाहिजेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, त्या कामात मोबाइल, वाहनं, शेतीची अवजारं आली. सर्व्हरला बांधलेल्या वस्तू तिथे घ्यायला काय हरकत आहे? नियम तीन ओळींत मावतो. विक्रीपूर्वी किमान मुदत सांगा. बंद करण्यापूर्वी पुरेशी सूचना द्या. एकरकमी विकलेली वस्तू चालती ठेवून जा. ग्राहक पंचायतीसारखी चळवळ सत्तरच्या दशकात ज्या राज्यात उभी राहिली, त्या राज्यातून ही मागणी जायला हवी.

तोवर वाचकांना, विशेषतः मुलांच्या हट्टापायी गेम घेऊन देणाऱ्या आईवडिलांना, एवढं सांगणं आहे. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: इंटरनेट नसताना हा गेम सुरू होतो का? उत्तर नाही असेल, तर तुम्ही तो भाड्याने घेताय असं धरा आणि भाड्याइतकेच पैसे द्या. आणि विकत घेतलेली वस्तू तुमच्या हातून अशी काढून घेतली गेली, तर गप्प बसू नका. रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदवा, कारण नोंदी साठल्याशिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरण हलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार घेतली जाते.